एका श्वासाला एक बुडबुडा

आप्पा, काल तुमची पितळी चावी मोडली. गॅसच्या नळीवर तुम्ही स्वतः बसवलेली, बोटाच्या पेराएवढी, जिला तुम्ही कुणाला हात लावू द्यायचा नाहीत, ती. सिलिंडर भरून आणला होता. जोडताना मी नळी जरा जोरात ओढली आणि चावीचा दांडा माझ्या हातात आला. आतून पार हिरवा झाला होता. इतकी वर्षं खाऱ्या पाण्याशेजारी काढली तिने, तिला तरी काय बोलणार. तुमचे जावई म्हणाले, नवी बसवू, त्यात काय एवढं. मी त्यांच्यावर उगाच खेकसले. त्यांना इतकंच माहीत आहे की बायकोच्या माहेरून एक काचेची टाकी आली, तिच्यात खारं पाणी आहे, पाण्यात पोवळं आहे आणि शेजारी सोड्याच्या गॅसचा सिलिंडर उभा आहे, आणि त्याच्या बुडबुड्यांना तुम्ही लावून दिलेली एक चाल आहे. सांगलीत आमच्याकडे नवीन कुणी आलं की आधी सिलिंडरकडे बघतं आणि मग आवाज खाली आणून विचारतं, घरात कुणी आजारी आहे का. चावी मोडल्यावर दुपारभर घर गप्प होतं. बुडबुड्यांचा आवाज रोज असतो म्हणून तो ऐकू येत नाही. थांबला तेव्हा मी स्वयंपाकघरातून दोनदा बाहेर येऊन पाहिलं, कोण गेलं म्हणून. म्हणून लिहायला बसले आहे.

रहिमतपूरच्या आपल्या सोड्याच्या कारखान्याला कारखाना म्हणायची मला लाज वाटायची. रस्त्याकडेची पत्र्याची लांब खोली, तिच्यामागे घर, मध्ये दगडी हौद. हौदात बाटल्या धुवायच्या, साच्यात बसवायच्या, चाक फिरवायचं. सिलिंडरमधला गॅस पाण्यात शिरायचा आणि बाटलीच्या गळ्यातली गोटी रबराला जाऊन घट्ट बसायची. चाक हाताला किती जड लागतंय त्यावरून तुम्ही सांगायचात, झाला, काढ आता. 'सोडा कडक पायजे' हे तुमचं एकच तत्त्वज्ञान. बाटली फोडल्यावर फसफसली नाही असं एखादं गिऱ्हाईक म्हणालं तर त्या दिवशी जेवताना तुम्ही कुणाशी बोलायचा नाहीत. नव्वदनंतरची ती वर्षं. परदेशी थंड पेयांच्या रंगीत गाड्या कोरेगावपर्यंत यायला लागल्या होत्या, लग्नांच्या मांडवांतून गोटी सोडा उठत चालला होता, आणि तुम्ही चाक आणखी जोरात फिरवत होता. कोयनेकडच्या भूकंपाचा धक्का बसला की क्रेटमधल्या रिकाम्या बाटल्यांतल्या सगळ्या गोट्या एकदम किणकिणायच्या. तुम्ही चाक धरून उभे राहायचात, आवाज थांबेपर्यंत ऐकायचात आणि म्हणायचात, 'गेला.' दारावरून कुणी ओळखीचं गेल्यासारखं. अजून कुठे काचेला काच लागली की मी थांबते. तुमच्यासारखीच.

तुमच्या धाकट्याला, माझ्या पाठच्या भावाला, चाक फिरवायचं नव्हतं. त्याने आयटीआय केलं, फिटर झाला आणि मुंबईला जाऊन जहाजावर लागला. आपल्या घरात कृष्णेपेक्षा मोठं पाणी तोवर कुणी पाहिलं नव्हतं. रजेवर आला तो ही टाकी टेंपोत घालून. कुठल्याशा बंदरातल्या दुकानात त्याने असला काचेतला समुद्र पाहिला होता आणि तेव्हापासून वेड घेतलं होतं. मुंबईच्या दुकानदाराकडून पिशवीत पोवळ्याची एक फांदी आणली होती आणि पट्ट्यापट्ट्यांचा एक नारिंगी मासा. आई दारात उभी राहून म्हणाली, 'लोकांची पोरं येताना आईला लुगडं आणत्यात, ह्येनं मासा आणलाय. त्यो बी खायाचा न्हाई.' कुंभार्ली घाट चढून मासळीचा जो ट्रक यायचा त्याच्या ड्रायव्हरशी त्याने दोस्ती केली आणि समुद्राचं पाणी कॅनमधून यायला लागलं. पेट्रोल पंपावर असतो तसला दिवा त्याने टाकीवर टांगला. तुम्ही वरवर कुरकुर केलीत, पण गिऱ्हाईक आलं की सोडा द्यायच्या आधी टाकी दाखवायला न्यायचात. मला सगळं दिसायचं.

रजा संपत आली तेव्हाची एक दुपार माझ्यासमोर अजून तशीच उभी आहे. तुम्ही चाकाजवळ स्टुलावर, मी हौदावर बाटल्या धुतेय, आणि तो क्रेटवर खुणा करायचा खडू घेऊन भिंतीवर काहीतरी काढतो आहे. 'आप्पा, ह्ये झाडागत दिसतंय, पर झाड न्हवं. जित्राब हाय. आतनं हाड बांधतंय. हाडाला चुना लागतो. पाण्यातला चुना सपला की ह्येची वाढ थांबली.' मग त्याने एक उभी जाड नळी काढली, नळीत खडे काढले, शेजारी सिलिंडर काढला. 'हितं शिंपलं भरायचं. टाकीतलं पाणी त्यातनं फिरवायचं आन वर गॅस सोडायचा. झाला का सोडा? सोड्यात शिंपला इरघळतो. त्यो चुना थेंबाथेंबानं परत टाकीत.' बाहेर त्याला कॅल्शियम रिअॅक्टर म्हणतात, म्हणाला. तुमच्या तोंडात ते नाव काही बसेना. दोनतीनदा तुम्ही ते असं काही म्हणालात की मी हातातली बाटली ठेवून हसले. तोही हसला आणि म्हणाला, 'हाडं वाढवायचं मशीन म्हणा की सरळ. तुमच्याच गॅसवर चालतंय. फुडच्या रजेला आलो की जोडू.' भिंतीवर नळीच्या वरच्या टोकाला त्याने जाता जाता तीन वाटोळे काढले. बुडबुडे.

पुढची रजा आली नाही. तिच्याऐवजी कंपनीचा माणूस आला, इस्त्रीची पॅन्ट सांभाळत बाजेच्या काठावर बसला. एका सकाळी धाकटा जहाजावर कुठेच सापडला नाही, म्हणाला. शोधलं, मागे फिरून शोधलं. समुद्र शांत होता. आईने चहा ठेवला होता तो उकळून उकळून काळा झाला, कुणी उठलं नाही. तुम्ही त्याला विचारलंत, 'म्हंजी मेलाय का हरवलाय?' तो म्हणाला, कागदावर आम्हाला मृत असंच लिहावं लागतं. 'कागदावर लिवा की. मी इचारतोय ते निराळं हाय.' त्याने मान खाली घातली. तो गेल्यावर तुम्ही कारखान्यात गेलात आणि तासभर रिकामं चाक फिरवत बसलात.

आईचं मागणं लहान होतं. तिला रीतसर रडायचं होतं. भटजींनी सांगितलं की देह मिळाला नाही तरी वाट असते. पळसाच्या पानांचा आणि दर्भाचा पुतळा करायचा, डोक्याच्या जागी नारळ ठेवायचा, त्याला अग्नी द्यायचा, आणि पुढचं सगळं माणसाचं करतात तसंच करायचं. तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, 'देह न्हाई, हाड न्हाई, आन मी पानाचं बाहुलं जाळून पोरगं मेलं म्हणू व्हय?' त्यानंतर आई चुलीशी बसून डोळे पुसायला लागली की तुम्ही दारातून विचारायचात, 'का रडतीयास? काय झालंय?' आणि तिला सांगता यायचं नाही की काय झालंय. मला तुमचा तेव्हा फार राग यायचा, आप्पा. तुम्ही त्याला मेला म्हणू देत नव्हता आणि येतोय असंही म्हणत नव्हता. आम्ही दोघी त्या मधल्या जागेत उभ्या होतो. त्याचा फोटो कपाटावर होता, त्याला हार घालावा तरी तुमची भीती आणि नुसता ठेवावा तरी आईला बघवत नव्हता. शेवटी तिने तो भिंतीकडे तोंड करून ठेवला.

तुम्ही मात्र टाकीपुढे बसायला लागलात. पोवळ्याच्या टोकांवर पांढरं कोवळं यायचं ते थांबलं होतं, फांदी तपकिरी पडत चालली होती. एक दिवस तुम्ही भिंतीवरच्या खडूच्या चित्रापुढे उभे राहिलात ते दिवेलागणीपर्यंत, आणि दुसऱ्या दिवशी कामाला लागलात. बोअरला घालतात त्या जाड पाइपाचा तुकडा आणलात, दोन्ही तोंडांना झाकणं चिकटवलीत. पाणी फिरवायला कूलरचा पंप. वेल्डिंगवाल्याकडून ही बारीक पितळी चावी. औषधाच्या दुकानातून सलाइनची नळी, कारण तिच्यातली ती थेंब दिसायची पारदर्शक कुपी तुम्हाला हवी होती. तिच्यात पाणी भरलं आणि खालून गॅस सोडला की बुडबुडा वर जाताना डोळ्यांनी दिसतो. शिंपले आणायला आपण दोघं मासळीच्या ट्रकमधून गुहागरला गेलो. तुम्ही पहिल्यांदा समुद्र पाहत होतात. धोतर खोचून गुडघाभर पाण्यात उभे राहिलात आणि कॅन भरेपर्यंत मान एकदाही वर केली नाहीत. कॅनच्या तोंडाकडे तेवढं बघत होता. मी म्हटलं, 'आप्पा, वर बघा की जरा, केवढा हाय.' तुम्ही म्हणालात, 'म्हणूनच बघत न्हाई.' परतताना घाटात पोफळीच्या पुढे तुम्ही शिंपल्यांचं पोतं मांडीवर घेतलं होतं. खाली ठेवलं तर फुटतील, म्हणालात. फोडूनच तर वापरायचे होते ते.

आणि मग तुम्ही जी चूक केलीत ती फक्त सोडावाल्यालाच करता येईल. नळीत शिंपले भरले, पंप लावला, आणि चावी फिरवलीत ती चाकावरच्या हाताने. कमी गॅस सोडायचं तुमच्या हाताला ठाऊकच नव्हतं. कुपीत बुडबुडे एकामागे एक सुटेनात, नुसती पांढरी दोरी लागली. तुम्ही खूश होऊन म्हणालात, 'आता कसं. कडक हाय.' सकाळी जोडलेलं, दुपारपर्यंत अख्ख्या टाकीचा सोडा झाला. पोवळ्याने अंग आखडून घेतलं, मासा वर येऊन तोंड उघडमीट करायला लागला. मी हाक मारली तेव्हा तुम्ही आलात, बोट बुडवून पाणी चाटलंत आणि तुमचा चेहरा उतरला. आंबट. तुम्ही चावी बंद केलीत. मग ओरडलात, 'शिळं करायचं! भांडी आणा!' सोडा शिळा होऊ नये म्हणून तुम्ही जन्म घालवला होता, आणि आता तुम्ही तांब्या भरभरून हातभर उंचावरून ओतत होता, गॅस उडून जावा म्हणून. मी पातेलं घेतलं. पलीकडून आणखी एक धार पडायला लागली म्हणून बघितलं तर आई. पदर खोचून कळशीने भरून वरून ओतत होती. जी रोज म्हणायची की ती टाकी फोडून टाका, ती. तिघंही भिजलो, जमीन खाऱ्या पाण्याने चिकट झाली. मासा गेला. फांदी वाचली. आईने मासा ओंजळीत उचलला, हौदामागे जाऊन पुरला, हात धुतले आणि म्हणाली, 'ह्येला तरी माती मिळाली.' तुम्ही तिच्याकडे बघितलं नाही.

त्यानंतर कितीतरी दिवस तुम्ही त्या चित्रातले तीन वाटोळे बघत होता. एका दुपारी मला बोलावून दाखवलंत, 'बघ, किती लांब लांब काढल्यात त्येनं. मी बघितलंच न्हाई.' मग तुम्ही कुपीसमोर मांडी घालून बसलात, एक हात छातीवर ठेवलात आणि दुसऱ्याने चावी. श्वास घ्यायचा, सोडायचा, आणि केसभर फिरवायची. बुडबुडा लवकर आला की मागे, उशीर झाला की पुढे. 'जित्राबाला जित्राबाच्या चालीनं द्यायचं,' म्हणालात. संध्याकाळी तुम्ही उठलात तेव्हा चाल बसली होती. तुमच्या एका श्वासाला एक बुडबुडा. त्या दिवसापासून त्या चावीला कुणी हात लावायचा नाही असा हुकूम निघाला. सिलिंडर बदलताना वरचा मोठा व्हॉल्व्ह बंद करायचा, चावी तशीच. दुपारी सगळे पडलेले असताना मला ते ऐकू यायचं. तुमचा श्वास, आईचा, माझा. आणि टाकीजवळून एक. तीन माणसांच्या घरात चार श्वास. आईलाही ऐकू येत असणार, कारण तिने तिची चटई टाकीच्या खोलीत नेली. तिथे कुशीवर झोपून ती त्या दिशेने तोंड करायची. मला त्या खोलीत जायची भीती वाटायची हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही. दिवसाढवळ्या, उघड्या खिडकीच्या खोलीत.

पोवळ्याने हाड धरलं. आधी टोकं उजळली, मग पांढऱ्या कळ्यांसारखं काही फुटलं, मग त्यातून सरळ एक नवी फांदी निघाली, बोटाएवढी, पुढे वीतभर. तुमच्या अंगात पुन्हा जीव आला. गिऱ्हाइकांना तुम्ही पुन्हा टाकी दाखवायला लागलात. 'पोराचं हाय,' म्हणायचात. 'त्यो येईस्तवर सांभाळायचं.' बघा, आप्पा, पहिल्यांदा तुमच्या तोंडून तो शब्द आला, येईस्तवर. आई तेव्हा दारात पानसुपारीचं तबक घेऊन उभी होती. तिने तबक खाली ठेवलं आणि आत गेली.

पितृपंधरवडा आला. आजोबांचा महाळ होता. आईने सगळं केलं, खीर, वडे, गवारीची भाजी, आळूची पातळ भाजी. बाहेर कावळ्यांसाठी पानं मांडायची आणि आत माणसांसाठी. मी वाढत होते. आई एक जादा पान हातात घेऊन उंबऱ्यावर थांबली, एक पाय आत, एक बाहेर. ओरडली नाही, रडली नाही. नुसतं विचारलं, 'आवं, पोराचं पान आत वाढू का भायेर?' तुम्ही पाटावर बसलेले होता. हातातलं पाणी तसंच. ती तशीच उभी. मी वडे हातात घेऊन. तुम्ही उठलात, कारखान्यातल्या खोलीत गेलात, आणि आम्हाला काहीतरी कट्कन मोडल्याचा आवाज आला. बाहेर आलात तेव्हा तुमच्या ओल्या हातात ती नवी फांदी होती. तो गेल्यानंतर वाढलेली. तेवढीच. जुन्याला तुम्ही हात लावला नव्हता. तुम्ही ती आईपुढे धरलीत आणि म्हणालात, 'भायेर वाढ.'

मग आई रडली. त्या दिवशी तुम्ही विचारलं नाहीत, काय झालंय म्हणून. तिच्याशेजारी उंबऱ्यावर बसलात आणि तुम्हीही रडलात, आवाज करून, रस्त्यावरच्या माणसांना ऐकू जाईल असं. मी बापाला रडताना कधी पाहिलं नव्हतं. वडे निवून गेले. तुम्ही फांदी पत्र्यावर उन्हात टाकलीत, तिच्यावरचं ते मऊ अंग सुकून जावं म्हणून. वास सुटला, आणि पानांकडे यायच्या आधी कावळे तिकडे गेले. वासाने गेले, हे मला कळतं. आईने मात्र दोन्ही हात जोडले आणि म्हणाली, 'शिवला गं बाई.' तिला तसं वाटलं तर वाटू दे, मला ते आता खोडायचं नाही. काही दिवसांत उन्हाने फांदी स्वच्छ पांढरी झाली. हातात घेतली की हलकी, खडबडीत, आणि कुणालाही दाखवली असती तरी त्याने हाडच म्हटलं असतं.

पळसाचा पुतळा झाला, अग्नी दिला. भटजी म्हणाले, राख गोळा करा, तीच अस्थींच्या जागी. तुम्ही खिशातून फांदी काढलीत. ते म्हणाले, हे शास्त्रात नाही. तुम्ही म्हणालात, 'शास्त्रात सोडा बी न्हाई म्हाराज, तरी तुमी उन्हाचं येऊन पिताच की.' भटजींना हसू आलं, आणि त्यांनी पुढे काही विचारलं नाही. राखेत फांदी ठेवून आईने तिच्या जुन्या लुगड्याच्या फडक्यात गाठोडं बांधलं. अस्थी घरात आणायच्या नाहीत म्हणून ते कारखान्यापुढच्या लिंबाला टांगलं. दुसऱ्या दिवशी आपण तिघं एस.टी.ने साताऱ्याजवळच्या माहुलीला, कृष्णेच्या संगमावर गेलो. गाठोडं तुमच्या मांडीवर. मी तुम्हाला गाडीत विचारलं, 'आप्पा, तुमच्या मनात ह्ये आधीपास्नं हुतं का?' तुम्ही गाठोडं मांडीवर नीट धरलंत. कोरेगाव मागे पडल्यावर बोललात. 'मला येड्याला वाटलं, पोवळं जगलं तर त्यो जगंल. पर त्येनं जाताना सांगितलं हुतं. हाडं वाढवायचं मशीन, म्हणला हुता. मीच उशिरा आयकलं.' संगमावर कमरेएवढ्या पाण्यात जाऊन तुम्ही गाठ सोडलीत. राख वाहून गेली. फांदी सरळ तळाला गेली. तुम्ही मान वर करून बघितलंत, यावेळी, नदी जिकडे जाते तिकडे, बराच वेळ.

दिवाळीच्या आधी आईने कारखान्याला चुना काढला. तिने फोटो भिंतीकडून वळवून सरळ लावला होता, त्याला हारही घातला होता. तिचं आता काही अडलेलं नव्हतं. मी बाटल्या धूत होते आणि बघत होते, चित्रापाशी आल्यावर ती काय करते. ती थांबली, कुंचला बादलीत टेकवला आणि मग चित्राच्या कडेकडेने हात फिरवत पुढे गेली. पांढऱ्याधोप भिंतीत तेवढा एक मळका तुकडा राहिला. आई गेली त्या वर्षापर्यंत तो तसाच होता. जागा विकल्यावर नव्या मालकाने काय केलं ते बघायला मी गेले नाही, मला ते बघायचंच नाही.

आई गेल्यावर तुम्ही सांगलीला माझ्याकडे आलात ते टेंपोत टाकीला टेकून बसून. दुपारी टाकीसमोर खुर्ची टाकून बसायचात. मला वाटायचं, आता तुम्ही पोवळं बघत नाही, नुसते सोबतीला बसता. चाल तीच होती, फक्त तुमचा श्वास आखूड होत चालला होता. दोन्हींची गाठ पडेनाशी झाली. एकदा मी म्हटलं, चावी थोडी फिरवून घ्या, आता तुमच्या चालीनं. तुम्ही म्हणालात, 'नगं. ती माझी चांगल्या दिसांतली हाय, राहू दे.' मिरजेच्या दवाखान्यात तुम्हाला सलाइन लावली तेव्हा डोळे किलकिले करून तुम्ही कुपीकडे बघितलंत आणि मला खुणेने जवळ बोलावलंत. मला वाटलं, काहीतरी सांगायचं असेल. 'नळी आपलीच हाय की गं,' म्हणालात. तेवढंच. मग थेंब पडत राहिले आणि तुमचं श्वास घेणं लांब लांब होत गेलं, भिंतीवरच्या त्या वाटोळ्यांसारखं. माहुलीलाच नेलं तुम्हाला. यावेळी खऱ्या अस्थी होत्या. परत घरात पाऊल टाकलं आणि पहिल्यांदा तुमचा श्वास ऐकू आला, जसाच्या तसा, चांगल्या दिवसांतला. मी चप्पल न काढता तिथेच खाली बसले.

तेव्हापासून तो चालू आहे. पोवळं केव्हाच टाकीत मावेनासं झालंय. मी ते छाटते, त्याच्या पांढऱ्या काड्या परसात पडलेल्या असतात. दर महाळाला मी तुमचं पान बाहेर वाढते. मला कुणाला विचारावं लागत नाही, आत का बाहेर. पान ठेवते, हात जोडते, कावळा येईपर्यंत थांबते, आणि मग आत येऊन खुर्चीवर बसते आणि तुमचा श्वास ऐकते. दोन माणसांच्या घरात तीन श्वास. तुम्हाला त्या वेळी मी मनात किती बोल लावले होते, की हा माणूस मेलेल्याला मरू देत नाही. मला उंबऱ्यावर येऊन विचारायला आई नाही, एवढाच फरक.

काल संध्याकाळी नवी चावी आली. चकचकीत, परदेशी, हाताला गुळगुळीत. जावयांनी बसवून दिली आणि म्हणाले, आता तू लाव, तुलाच माहीत ती चाल. मी कुपीसमोर मांडी घालून बसले. डोळे मिटून तुमचा श्वास आठवायला गेले आणि आप्पा, तो मला आठवला नाही. रोज ऐकत होते ना, म्हणून कधी पाठ केलाच नव्हता. थोडा पुढे, थोडा मागे, कितीतरी वेळ फिरवत राहिले. शेवटी स्वतःच्याच छातीवर हात ठेवला. जावई आतून आले तेव्हा बुडबुडे सुटायला लागले होते. त्यांनी कान देऊन ऐकलं आणि विचारलं, बसली का आप्पांची चाल? मी म्हटलं, हो, तीच आहे.